अकरा कलमांच्या यादीऐवजी एकच कलम

पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

सांगली जिल्ह्यातून एका ताईंनी लिहिलंय. वय ३८, पतसंस्थेत क्लार्क, घरी नवरा, सासूबाई, आठवीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी. दर गुढीपाडव्याला त्या नव्या वहीत संकल्प लिहितात. यंदा अकरा लिहिले: पहाटे पाचला उठायचं, बारा सूर्यनमस्कार घालायचे, साखर पूर्ण बंद, रात्री आठनंतर जेवायचं नाही, रोज दहा पानं वाचायची, इंग्लिश बोलायला शिकायचं, रील्स बंद, रोजचा खर्च लिहायचा, मुलांवर ओरडायचं नाही, सासूबाईंना उलट बोलायचं नाही आणि शेवटचा 'पॉझिटिव्ह राहायचं'. नवव्या दिवशी वही बंद झाली. नवरा आता चेष्टेत विचारतो, यंदा किती दिवस टिकलं गं? त्यातच संस्थेच्या हेल्थ चेकअपमध्ये वजन ७२ किलो आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ निघाली. डॉक्टर म्हणाले बॉर्डरवर आहात, चालायला लागा, वजन कमी करा, तीन महिन्यांनी परत टेस्ट करू. ताई लिहितात, "माझ्यात इच्छाशक्तीच नाही हे मला आता पक्कं वाटायला लागलंय. ९० दिवसांत आयुष्य बदलण्याचा एक ऑनलाइन कोर्स आहे, ९,९९९ रुपये, रविवारपर्यंत डिस्काउंट आहे. भरू का?"

ताई, सगळ्यात आधी तुमच्या त्या 'इच्छाशक्तीच नाही' बद्दल बोलू. कारण बाकीचं पत्र वाचलं तर हे वाक्य त्यात कुठेच बसत नाही. तुम्हीच लिहिलंय की पावणेसहाला उठून तुम्ही चार डबे करता, साडेनऊला काउंटरवर असता, संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय खुर्ची सोडत नाही, आणि बारा बायकांची भिशी कित्येक वर्षं सांभाळताय ज्यात एका रुपयाचा घोळ झालेला नाही. इच्छाशक्ती नसलेल्या माणसाच्या हातून हे होत नसतं हो. फक्त ती सगळी शिस्त दुसऱ्यांच्या कामाला लागते, आणि रात्री साडेदहानंतर तुमच्यात जे काही शिल्लक राहतं त्यातून अकरा संकल्प चालवायचे असं तुम्ही ठरवलंत. ते नऊ दिवस चालले याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता ती यादी जरा जवळून बघू, कारण मला दोष तुमच्यात कमी आणि यादीत जास्त दिसतोय.

पहिलं कलम पहाटे पाचचं. पण तुम्ही झोपता साडेबाराला, रील्स बघता बघता. म्हणजे झोप झाली साडेचार तास. मोठ्या माणसाला निदान सात तास तरी लागतात, आणि झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, गोड खावंसं वाटतं, बारीकसारीक गोष्टीवरून डोकं फिरतं. म्हणजे पहिलं कलम पाळलंत की तिसरं आणि नववं मोडणार हे ठरलेलंच. चौथं बघा, रात्री आठनंतर जेवायचं नाही. तुम्ही घरी पोचता सातला, नवरा येतो साडेआठला, सगळे मिळून नऊला जेवता. त्या एका कलमासाठी पाच माणसांचं वेळापत्रक बदलायला लागेल आणि ते तुमच्या एकटीच्या हातात नाहीये. आणि 'पॉझिटिव्ह राहायचं' यावर रात्री टिक कशी करायची? दिवसात सकाळी बरं वाटलं, दुपारी मॅनेजर बोलले म्हणून रडू आलं, मग टिक की फुली? ज्याच्यावर टिक करता येत नाही त्याच्यावर रोज फुलीच पडते, आणि ती फुली मग वहीवर न राहता आपल्या स्वतःवर पडते.

मुलांवर ओरडायचं नाही, हे कलम वाचून मी थांबले. पत्रात पुढे तुम्ही सांगितलंय की सात-वीसला व्हॅन येते आणि सात-दहाला मुलीचा एक सॉक्स सापडत नसतो, डायरीवर सही राहिलेली असते, वॉटरबॅग भरलेली नसते, तेव्हा तुमचा आवाज चढतो. बाकी दिवसभर फारसा नाही. ताई, मग हा स्वभावाचा प्रश्न कुठे आहे, हा सॉक्सचा प्रश्न आहे! रात्री झोपायच्या आधी मुलीने स्वतः सॉक्स, टाय आणि डायरी दाराजवळच्या खुर्चीत ठेवायची, तिसरीतल्या पोरीला हे छान जमतं, आणि सही तुम्ही तिथेच करून टाकायची. 'मी चिडकी आहे, मला सुधारायचंय' यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम आहे. अशा किती गोष्टींना आपण 'माझा स्वभाव' म्हणून कपाळाला लावून घेतो आणि वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडत बसतो.

अजून एक विचारते, राग मानू नका. ही यादी तुमची आहे का? पहाटे पाच, रोज दहा पानं, साखर पूर्ण बंद, हे तर रील्समधले लोक सांगतात, ज्यांच्या घरी सहा वाजता कणिक मळायला दुसरं कुणीतरी असतं. अकरा कलमांत मला तुमचा स्वतःचा आवाज दोनच ठिकाणी ऐकू आला. एक इंग्लिश, कारण ऑडिटला साहेब लोक आले की आपण मागे मागे राहतो असं तुम्ही लिहिलंय. आणि दुसरी ती साखर, कारण तुमच्या आईला डायबेटीस होता आणि तिचे शेवटचे दिवस तुम्ही बघितलेत. बाकीची नऊ कलमं चांगली आहेत, वाईट कुठलंच नाही, पण ती 'चांगल्या बाईने कसं असावं' या प्रकारातली आहेत आणि तसल्या यादीला कधी शेवट नसतो.

तुम्ही पतसंस्थेत आहात म्हणून तुमच्याच कामातलं सांगते. पिग्मी. एजंट रोज ठरलेल्या वेळी टपरीवाल्याकडे, किराणावाल्याकडे जातो, पन्नास-शंभर रुपये घेतो, मशीनमधून पावती फाडून देतो आणि पुढच्या दुकानात जातो. तोच टपरीवाला महिनाअखेरीला तीन हजार रुपये घेऊन स्वतःहून तुमच्या काउंटरवर येईल का? तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. १९२८ मध्ये डॉ. टी. एम. ए. पै यांच्या उडुपीच्या बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, ही पद्धत सुरू केली तेव्हा दिवसाला दोन आणेसुद्धा चालायचे. रक्कम लहान होती म्हणून योजना चालली असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे, पण दुसरी अर्धी गोष्ट विसरली जाते की एजंट रोज दारात यायचा. लहान रक्कम आणि वेळेवर येणारा माणूस, दोन्ही लागतं. तुमच्या अकरा कलमांपैकी एकाकडेही असा एजंट नाही. 'रोज वाचायचं' पण कधी, कशानंतर, कुठे बसून? मग ते दिवसभर पुढे ढकललं जातं आणि रात्री साडेबाराला आठवतं.

यावर नीट अभ्यास झालेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांना एकेक सवय लावून घ्यायला सांगितली होती, लक्षात घ्या एकेकच, आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून, म्हणजे जेवणाबरोबर फळ खायचं किंवा नाश्त्यानंतर चालायचं अशी. ती सवय आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, आणि कुणाचा अंदाज तर २५४ दिवसांपर्यंत गेला. ते '२१ दिवसांत सवय लागते' जे सगळीकडे फिरतं ना, त्याचा धागा १९६० मधल्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणापर्यंत जातो, पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा चालण्याशी आणि साखरेशी काय संबंध? आणि लंडनच्या अभ्यासात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं हे की मध्येच एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. नवव्या दिवशी तुमचा एक दिवस चुकला असेल, आणि तुम्ही वहीच बंद केलीत.

आपल्याकडे हे शहाणपण नवीन नाहीये. चातुर्मास घ्या. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, साधारण चार महिने, आणि घरातली बाई नेम करायची तो एकच. कुणी कांदा-लसूण सोडायचं, कुणी एखादी आवडती भाजी, कुणी रोज एक अध्याय वाचायचं. माझ्या आत्याने एका चातुर्मासात चहातली साखर सोडली होती, घरात सगळ्यांना माहीत होतं त्यामुळे पाहुण्यांकडे गेलं तरी कुणीतरी आधीच सांगायचं की हिला बिनसाखरेचा द्या, आणि कार्तिकीनंतर नेम संपला तेव्हा तिला गोड चहा जाईना. एकच गोष्ट, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, घरच्यांना ठाऊक, आणि शेवटी उद्यापन. आपल्या पाडव्याच्या संकल्पांना यातलं काहीच नसतं, ते 'आजपासून कायमचं' असतात, आणि कायमचं म्हटलं की मनाला पहिल्याच दिवशी दम लागतो. देवाधर्माचं तुमचं तुम्ही बघा, मी फक्त त्या रचनेबद्दल बोलतेय. सध्या ज्येष्ठ चालू आहे, आषाढी जवळ आलीये.

मग एकच कुठलं घ्यायचं? मी तीन पर्यायांचा विचार केला.

इंग्लिश. ते तुमच्या मनातलं आहे, पण सध्या त्याला थोडं थांबता येईल, सहा महिन्यांनी सुरू केलं तर काही बिघडत नाही. झोप. खरं तर माझा कल तिकडे होता, कारण झोप सुधारली की निम्मी यादी आपोआप हलकी होते, पण तुम्ही लिहिलंय की रात्री अकरा ते साडेबारा हा एकच वेळ मला कुणी हाक मारत नाही. तो वेळ मोबाईलमध्ये जातोय हे बरोबर नाही, तरीही तो एकदम काढून घ्यायला माझं मन होत नाही, दिवसभरात स्वतःचं म्हणून दुसरं काहीच नसताना ते टिकणार नाही. तिसरा पर्याय चालणं, तुमच्या यादीत नसलेलं पण डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि मी तोच घ्या म्हणेन.

कारण ६.१ हा आकडा घाबरायचा नाहीये पण दुर्लक्ष करायचाही नाहीये. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटीसच्या आधीची पायरी, ६.५ पासून डायबेटीस धरतात. या पायरीवरून मागे फिरता येतं. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तीन हजारांवर लोक होते, आणि आहार-व्यायामाच्या गटासमोर मुख्य ध्येयं किती ठेवली होती माहितीये? दोन. वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा. साधारण तीन वर्षांत त्या गटात डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने २००६ मध्ये भारतीय लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही आहार आणि चालणं सुधारणाऱ्यांमध्ये ते प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास कमी झालं. मोठमोठ्या डॉक्टरांनी जिथे दोन ध्येयांवर भागवलं तिथे आपण अकरा कशाला घ्यायची. तुमच्या ७२ किलोचे ७ टक्के म्हणजे साधारण पाच किलो. पंधरा-वीस नाही, पाच.

तर नेम असा. रात्री जेवण झालं, ओटा पुसून झाला, की तो हातातला फडका वाळत टाकायचा आणि तिथूनच चप्पल घालून बाहेर पडायचं. दहा मिनिटं. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत, पाऊस असेल तर गच्चीवर किंवा घरातल्या घरात व्हरांड्यात फेऱ्या, पण दहा मिनिटं. ड्रेस बदलायचा नाही, बूट शोधायचे नाहीत, मोबाईल घरी चार्जिंगला. जेवणानंतर चाललं की जेवणामुळे वाढणारी साखर कमी चढते, म्हणून ही वेळ तुमच्यासाठी मुद्दाम निवडलीये. ओटा तुम्ही रोज पुसताच, तो कधी चुकत नाही, म्हणजे तोच तुमचा पिग्मी एजंट. दहा मिनिटं फारच थोडी वाटतील, दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला वाटेल आता अर्धा तास करूया, सोबत सूर्यनमस्कारही घालूया. तेव्हा नका करू. पहिला महिना दहाच, अंगात उत्साह असला तरी दहाच, म्हणजे ज्या दिवशी पाळी असेल, पाहुणे असतील, ऑडिट असेल त्या दिवशीही ते जमेल. महिन्यानंतर पंधरा, मग वीस, आणि कार्तिकीपर्यंत हळूहळू आठवड्याच्या दीडशे मिनिटांपर्यंत पोचलात तर उत्तम. गुडघे दुखत असतील किंवा चालताना धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

वही ठेवा, पण त्यात फक्त तारीख आणि टिक. फुली मारायचीच नाही, चुकलेल्या दिवसाची जागा कोरी सोडायची आणि दुसऱ्या दिवशी पुढची टिक. एकच पथ्य पाळा, लागोपाठ दोन जागा कोऱ्या जाऊ द्यायच्या नाहीत. दोन गेल्याच तर तिसऱ्या दिवशी दारापर्यंत जाऊन या आणि टिक करा, चालेल. आणि कसोटी वजनकाट्यावर रोज लावू नका, वजन पाण्याने, मिठाने, पाळीने वरखाली होतं आणि उगाच मन खट्टू होतं. तुमची टेस्ट तीन महिन्यांनी आहे, एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचीच गोष्ट सांगते, ती आकड्यात बोलेल. तोपर्यंत साखर पूर्ण बंद वगैरे काही करू नका, डॉक्टरांनी खाण्याबद्दल जे सांगितलंय तेवढं पाळा.

नवऱ्याबद्दल. चेष्टा करतात म्हणून त्यांना न सांगता गुपचूप करावं असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं उलट करा, एकदा शांतपणे बसून सांगा की आईला काय झालं होतं ते आठवतंय ना, माझी साखर बॉर्डरवर आलीये, मी रोज रात्री दहा मिनिटं चालणार आहे, तेवढा वेळ मुलीची शाळेची बॅग तुम्ही बघा. 'मला सुधारायचंय' यावर चेष्टा होते, 'तेवढी दहा मिनिटं बॅग बघा' यावर सहसा होत नाही. आणि ते सोबत चालायला आले तर त्यांनाही ते लागणारच आहे.

यादीतली अकरा कलमं फाडून टाकू नका. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि वर तारीख टाका, कार्तिकी एकादशी. त्या दिवशी पान उघडायचं, तोपर्यंत त्यातली कुठली अजून हवीशी वाटतात ते कळेल. मला खात्री आहे चार-पाच तर तुम्हाला आठवणारही नाहीत. सॉक्सचं काम आधीच झालेलं असेल.

हे सगळं वाचताना इतरांनाही स्वतःचं काही दिसेल. पुण्यात खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलांची पत्रं येतात, 'रोज चौदा तास अभ्यास' लिहिलेलं टाइमटेबल भिंतीवर आणि प्रत्यक्षात अपराधी वाटून दिवस वाया. त्यांनाही मी हेच सांगेन, चौदा तासांचं खाली उतरवा आणि सकाळचा चहा झाला की पेपर उघडायच्या आधी कालच्या चुकलेल्या दहा प्रश्नांची उत्तरं, एवढंच दोन महिने धरा. नुकतेच रिटायर झालेले एक काका लिहितात की पेटी शिकायची, बाग करायची, गावाचा इतिहास लिहायचा, आणि सहा महिन्यांत काहीच सुरू झालं नाही. काका, पेटी. बाकीचं दिवाळीनंतर बघू.

एक मात्र सांगायलाच हवं. दहा मिनिटांची गोष्टही जर रोज डोंगराएवढी वाटत असेल, झोपून उठलं तरी थकवा जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तिथे संकल्पाचा काही उपयोग नाही आणि स्वतःला आळशी म्हणण्याचा तर मुळीच नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या, बायकांमध्ये या दोन गोष्टी फार सापडतात आणि आपण वर्षानुवर्षं त्याला आळस म्हणत राहतो. मन सतत खाली असेल तर डॉक्टरांशी बोला किंवा सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. ताई, तुम्हीसुद्धा पुढच्या टेस्टच्या वेळी या दोन तपासण्या सोबत करून घ्या.

आणि कोर्स. नका भरू. सगळेच कोर्स वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण तुम्ही पाठवलेल्या माहितीत पहाटे साडेचारचं लाइव्ह सेशन आहे, साखर बंद आहे, रोजचं जर्नल आहे, म्हणजे तुमचीच अकरा कलमं आहेत, फक्त आता त्यांची फी लागेल आणि जमलं नाही की पैसे वाया गेल्याचं आणखी एक ओझं. इंग्लिशसाठी पुढे एखादा चांगला क्लास लावायचा असेल तर ते पैसे तेव्हा वापरा, किंवा आत्ता चालायला एक बरी चप्पल घ्या. रविवारी डिस्काउंट संपत असेल तर संपू दे, असे कोर्स पुढच्या रविवारीही असतात.